खाऱ्यात उभं राहिलेलं भात

भावजींनी ते बी तरव्याला, रोपांच्या वाफ्यात पेरलं तेव्हा मळ्यात आम्ही पाच जण होतो. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, माझा मुलगा विलास, सून सुमन, शेजारची जना आणि मी. जना नुसती मळ्याच्या कडेला मेरेवर बसून होती, पण तिला मोजलं नाही तर ती आठ दिवस बोलत नाही.

आमच्या भावजींसारखा माणूस खाडीच्या दोन्ही काठांना शोधून सापडायचा नाही. एकदा कॉलेजची मुलं खाडी बघायला आली होती. त्यांचे सर सांगत होते, फार फार पूर्वी हवेत श्वास घेण्यासारखं काही नव्हतं, शेवाळासारख्या जिवांनी ती हवा केली. मग हवा बदलली तसे जीव बदलले, ज्यांना जमलं नाही ते संपले. मुलं मोबाईलमध्ये होती, ऐकलं ते भावजींनी. तेव्हापासून आमच्या विहिरीवरचं शेवाळ खरवडायला बंदी. मी कळशी घेऊन तिथेच घसरले, मनगट महिनाभर बांधलेलं होतं, तर हे मला म्हणतात, "वयनी, पडलंस ता पडलंस, पण खरवडू नको हां. ह्येच्या उपकारान आपण श्वास घेतंव." जनाने तिथल्या तिथे सांगून टाकलं की ह्येंका बायल कित्याक नाय ता आता कळला, शेवाळाशी लगीन लागलाहा. चिखलात उड्या मारणारी निवटी मासळी दिसली की भावजी हात जोडत. पाण्यातून पहिल्यांदा वर आले त्यांच्यातली ती, म्हणजे आपल्या घराण्यातली. जाळ्यात आली तरी सोडून देत, आणि आम्ही त्या दिवशी नुसत्या पेजेवर.

मला हसायला फुरसत नव्हती. नवरा गेला तेव्हा विलास पाळण्यात होता, आणि पोटाला जे भात ते त्या एका मळ्याचं. पूर्वी खाडी तिच्या जागेवर असायची. अलीकडे भरती वर चढते, पाऊस नको तेव्हा पडतो, हवा तेव्हा तोंड फिरवतो, बांध फुटतो आणि खारं पाणी मळ्यात बसून राहतं. बांध घालून घालून माझी कंबर गेली. एका वर्षी सगळा मळा करपला. मी मेरेवर बसले, आणि भावजी चिखलात फिरून कुठलं रोप जिवंत आहे ते बघत होते. माझं जुनं लुगडं फाडून त्यांनी तसल्या एकेका रोपाला चिंधी बांधली. ह्यांना जमलंय म्हणाले. त्यांचीच कणसं घेतली, तीच पेरली. पुढल्या वर्षी परत खारं पाणी, परत जी उरली ती. अशी सहा वर्षं. तेव्हा कुठे दोन पायली बी जमलं, आखूड दाण्याचं, लाल कुसळांचं. विलास गोव्याला कामाला जातो, त्याने स्पष्ट सांगितलं होतं, यंदा ह्या बियाने मळा उभा राहिला तर ठेवू, नाहीतर कोळंबीच्या तळ्याला देऊन टाकू.

ते बी मी उकडलं.

वैशाखात वर्षभराच्या उकड्या तांदळासाठी भात उकडत होते. अंगात ताप होता, पण हंडा चढलेला, मग कोण थांबतंय. कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि ओतली. पिशवीच्या तोंडाला बांधलेली माझ्या लुगड्याची चिंधी हातात राहिली तेव्हा कळलं. उकडलेल्या भाताला कोंब येत नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मी ते उन्हात वाळवलं, पिशवीत भरलं, चिंधी बांधली आणि गप्प राहिले. पन्नास वर्षं ह्या घरात राबले, पण असं चोरासारखं कधी वागले नव्हते.

पेरताना भावजींनी मूठ भरली, नाकाशी नेली, जरा थांबले. मग पेरली. पुढे दोन आठवडे ते पाखरं राखत बसले होते. तरव्यात काहीच हिरवं झालं नाही. विलासने विचारलं तर म्हणाले, बी माझंच कच्चं निघालं, माझी अक्कल. तेसुद्धा जनासमोर. सगळे गेल्यावर मला राहवलं नाही.

"भावजी, ता बी मी उकडलंय."

"म्हायत आसा गो वयनी. हातात घेतलंय तेवाच वास इलो."

"मगे पेरलात कित्याक?"

"विलास बघी होतो."

एवढंच बोलले आणि पाखरांसाठी बांधलेली दोरी सोडायला लागले. दुसऱ्या दिवशी मी विलासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आणखी एक वर्ष. पण वर्ष मिळून काय करायचं, बी कुठाय? भावजी अजून सकाळी मळ्यात उतरतात. आता मेर धरून चालतात, पाय पूर्वीसारखे उचलत नाहीत. मी त्यांच्या मागून चालते.

परवा जेवताना त्यांना आठवलं. शिमग्याच्या आधी ते थोडं बी दाखवायला ओरोसला शेतकी कचेरीत गेले होते. येताना एसटीत शेजारी एक बाई होती, तिचाही मळा खाऱ्यात गेलेला. तिला त्यांनी मूठभर बी दिलं, तिने पदराला बांधलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्यांना कधी सुचतच नाही.

ती बाई, नाहीतर तिची मुलंबाळं हे वाचत असतील, तर भात उभं राहिलं का तेवढं कळवा. राहिलं असेल तर त्यातली एक मूठ आमच्यासाठी बाजूला ठेवा. मी येऊन घेऊन जाईन. उकडू नका.