आवाज तर वर येतोच

सगळा हॉल हसला तेव्हा माझे दोन्ही पाय अजून त्या लाकडी पट्ट्यांवरच होते.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला एका जुन्या शाळेचा प्रार्थनेचा हॉल आहे. तिथे पाइप ऑर्गन आहे. भिंतभर नळ्या. काही करंगळीएवढ्या, काही माझ्या घराच्या छपरापेक्षा उंच. मे महिन्यात तिथे मुलांना हे वाद्य ओळखायला शिकवणारं शिबिर भरलं होतं. माझी मुलगी प्रज्ञा, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, त्यात होती. तिच्या शाळेनं नाव पाठवलं, फी माफ झाली. रोज सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी परत. बाकीची मुलं पुण्या-मुंबईची. त्यांच्या घरी पियानो.

पालकांना बोलावलं होतं त्या दिवशी मी रजा टाकून गेलो. तळेगावच्या एमआयडीसीत मी मशीनवर काम करतो. पण नवलाख उंबऱ्याच्या आसपास मला लोक ओळखतात ते पेटीवाला म्हणून. आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत जयंतीला, बुद्धपौर्णिमेला मीच पेटीवर असतो. प्रज्ञानं शिबिर चालवणाऱ्या मॅडमना हे सांगितलं असावं. त्या माईकवर म्हणाल्या, "आपल्यात एक हार्मोनियम वाजवणारे काका आहेत. या ना काका, ट्राय करा!"

मी उठलो. खोटं कशाला सांगू, मी त्याचीच वाट बघत होतो.

बाकावर बसलो. वर हातांसाठी पट्ट्या, खाली पायांसाठी लांबलांब लाकडी पट्ट्या. मला वाटलं, ही मोठी पायपेटीच. मी ज्या म्हाताऱ्याकडे शिकलो त्याच्याकडे पायपेटी होती. पायानं भाता हलवायचा, हवा भरायची, मग हातानं सूर. हवा भरल्याशिवाय पेटी बोलत नाही. म्हणून मी आधी हवा भरायला घेतली. डावा, उजवा, डावा, उजवा. जोर लावून.

मालगाडी घाटात शिरावी तसा घरघराट त्या भिंतीतून बाहेर आला. खिडक्यांच्या काचा वाजल्या.

पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. मॅडमही हसल्या. "अहो काका, हवा मोटर भरते! ते सूर आहेत, पायानं वाजवायचे. सो स्वीट! कुणी व्हिडिओ घेतला का?"

घेतला होता.

मग प्रज्ञा आली. चपला काढल्या. "पप्पा, सरका थोडं." माझ्या शेजारी बसली आणि पायांनी वाजवायला लागली. खाली बघितलंसुद्धा नाही. टाच, चवडा, टाच. ज्या पट्ट्यांवर मी घरघर काढली होती त्यांतूनच एक लांब, खोल सूर निघाला. मग तिनं वरून हात लावले. हॉल गप्प झाला. व्हिडिओ घेणारा पोरगाही फोन खाली करून ऐकू लागला.

बापाला आनंद व्हायला पाहिजे होता. मला झाला नाही. हसणाऱ्या पोरांचा राग नाही, मॅडमचाही नाही. मी जळलो ते माझ्या लेकीवर. मला आयुष्यात कुणी असं गप्प होऊन ऐकलं नव्हतं. लोक जेवत असतात, खुर्च्या लावत असतात, पुढाऱ्याची गाडी आली का बघत असतात, आणि मी वाजवत असतो.

एकदाच बोलावणं आलं होतं. मी तेव्हा विशीत होतो. देवळात सप्ताह बसला होता आणि त्यांचा पेटीवाला तापानं पडला. गावातले आबा, सप्ताहाचे मुख्य, स्वतः आमच्या वस्तीत आले. "तुजी पेटी घिऊन ये. लय नाव ऐकलंय." माझा बाप नको म्हणाला. "ते सगळं सोडलंय आपन. परत त्या उंबऱ्याला कशापाई?" मी ऐकलं नाही. पेटी डोक्यावर घेऊन गेलो. मंडपाच्या पायरीवर पाय ठेवला तसा आबांनी हात आडवा केला. आवाज गोड होता.

"वर नगं. हितंच बस खाली. आवाज काय, येतोच की वर."

मी बसलो. सप्ताह संपेपर्यंत पायरीखाली बसून वाजवलं. वर टाळ, वर मृदंग, वर लोक. खाली मी आणि त्यांच्या चपला.

लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. ही हकिगत मी घरात अभिमानानं सांगत आलो. "गावाला माझ्याशिवाय भागलं नाही," असं. प्रज्ञा ती ऐकतच वाढली.

शिबिरातून आल्यावर ती घरी सराव करायची. वाद्य कुठलं? तिनं स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं पायपट्ट्या आखल्या होत्या. भिंतीशी स्टूल ठेवून बसायची आणि त्या रेघांवर पाय चालवायची. आवाज काहीच नाही. तिला मात्र ऐकू यायचं. मला ते बघवायचं नाही. त्यात बुद्धपौर्णिमेला ती पहिल्यांदाच पार्टीबरोबर गायला आली नाही, शिबिर होतं म्हणून. ढोलकीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, पोरगी म्हनं आता पायानं वाजवती. मग तुमच्या हाताचं काय काम उरलं?" सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन बादली उचलली.

ती स्टुलावर होती. तिच्या पायाखालच्या रेघांवर मी पाणी ओतलं.

"वाद्याला पाय लावत्यात का? पेटीला चुकून पाय लागला तर आपण हात जोडतो. लय वर चढू नको. माणसानं आपली जागा बघून राहावं."

तिनं पाय वर घेतले. रडली नाही. म्हणाली, "कुठली जागा, पप्पा? पायरीखालची?"

मी रिकामी बादली खाली ठेवली. बायको चुलीपाशी होती. तिनं भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता बोलली. "पान्यानं खडू जाईल. तुमच्या तोंडात आबा बसलाय, त्यो कशानं जायाचा?"

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य माझं नव्हतं. मला ते खाली बसवून शिकवलं होतं, आणि मी ते इतकी वर्षं जपून, पुसून, चकचकीत करून ठेवलं होतं, लेकीला द्यायला. तेव्हाच कळलं की गावानं मला बोलावलंच नव्हतं. माझा आवाज बोलावला होता. मी त्याच्याबरोबर आलो, ही त्यांची अडचण होती.

शिबिराच्या समारोपाच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला पेटी घेऊन तालमीला बोलावलं. मी गेलो. ओट्यावर एवढं सगळं कळूनही गेलो. शर्टाला इस्त्री केली, पेटीला नवा रुमाल घातला. समारोपाला मोठमोठे पाहुणे येणार होते. मला वाजवायचं होतं.

मॅडमनी समजावलं. ऑर्गन उंच चौथऱ्यावर आहे. त्याच्या पायऱ्यांखाली मी सतरंजीवर बसायचं, पेटीवर थोडंसं वाजवायचं. मग माझ्यावरचा दिवा बंद. प्रज्ञा वर, तिच्यावर उजेड. तिनं आधी एक कागद वाचायचा. मी कागद बघितला. "माझ्या बाबांना कधीच संधी मिळाली नाही. या थोर लोकांमुळे आज मी..." असं काहीतरी होतं.

मी म्हणालो, "मॅडम, वर बसतो की. तिच्या शेजारी."

"वर कशाला काका? फरक दिसायला हवा ना, कुठून कुठे! आणि आवाजाची काळजी नको. आवाज तर वर येतोच."

आवाज गोड होता.

मी पेटीचा भाता बंद केला. खटका लावला. "मग मी वाजवत नाही."

"अहो, रागावता काय? प्रज्ञाचं पुढच्या वर्षीचं शिकणं आम्ही बघणार होतो. जरा तिचा विचार करा."

तिथे मी अडकलो. कारण माझं जळणं मला माहीत होतं. हा स्वाभिमान होता, की लेकीचा उजेड विझवायची संधी मला सापडली होती? खरं सांगतो, आजही मला ते दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणून मी माझ्यापुरतंच बोललो. "मी खाली बसणार नाही. तिचं ती सांगेल."

प्रज्ञा वर ऑर्गनच्या बाकावर होती. ती तिथूनच बोलली. "मी वाजवणार. कागद वाचणार नाही. त्यातले बाबा माझे पप्पा नाहीत."

मॅडम म्हणाल्या, "हे तुला महागात पडेल हं, बेटा."

"पडू दे."

समारोपाला मी पालकांच्या खुर्चीत बसलो. हात रिकामे होते. प्रज्ञा न बोलता चढली, चपला काढल्या, वाजवलं. लोक गप्प झाले. मी तेव्हाही जळलो. तिचा एकेक सूर मला हवा होता.

पुढच्या वर्षाबद्दल मॅडमचा फोन आला नाही. येणार नाही असं धरून मी दुसरीकडे चौकशी सुरू केली आहे. जिथे वाद्य असेल तिथे जाऊन विचारतो. बरेच जण माझ्याकडे बघून आधी मुलगी कुठल्या शाळेत आहे ते विचारतात. मी सांगतो आणि उभा राहतो. बसा म्हटल्याशिवाय हलत नाही, आणि खाली बसत नाही.

परवा तिनं फरशीवर पुन्हा पट्ट्या आखल्या. पाणी प्यायला जाताना मी त्या ओलांडतो. माझा मत्सर गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. तो माझा आहे, मी सांभाळीन. पण आबांचं वाक्य माझ्यापर्यंत आलं, ते माझ्यापुढे जाणार नाही. सप्ताहाची गोष्ट आता घरात कुणी विचारली तर मी पायरीपासून सुरू करीन, चपलांसकट सांगीन. आणि माझा आवाज हवा असेल त्यानं आधी मला जागा करावी. वर.