प्रज्ञाला दिलेलं पिस्तूल

लिहायला बसले आहे खरी, पण अजूनही वाटतंय, उठावं. घरी हे कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून.

तिचं नाव प्रज्ञा. विश्रांतवाडीची. शनिवार पेठेतल्या एका नेमबाजीच्या क्लबात आम्ही दोघी एकाच सुमाराला जायला लागलो. मी हिंजवडीतल्या नोकरीला कंटाळून, आणि ती — तिची बँक जवळच होती, एवढ्यासाठीच. क्लब तळघरात होता. वर रिक्षा, हॉर्न, पार्किंगवरून भांडणं. जिना उतरलं की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं. तुम्ही कधी एअर पिस्तूल धरलंय? नेम धरताना समोरचा काळा गोल धूसर होऊ द्यायचा असतो. डोळा ठेवायचा तो नळीच्या टोकावरच्या साइटवर. तेवढीच ठळक, बाकी जग विरघळलेलं. घरी परतताना रस्त्यावरचे दिवेही मला तसेच दिसायचे, कडा नसलेले. त्या दिवसांत मी सुखी होते. हे आधी सांगायला हवं.

क्लबची पिस्तुलं जुनी, आणि प्रत्येक वेगळं. एकाची मूठ जाड, एकाचा ट्रिगर हट्टी, एक हमखास डावीकडे मारणारं. कुठलं हातात येईल ते सांगता येत नसे. कुणी कुरकुर केली की सर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "पिस्तुलाला आपली सवय होत नसते. आपण त्याची करून घ्यायची. जमत नसेल तर कॅरम आहे."

प्रज्ञाला ते जमायचं. अनोळखी पिस्तूल घेऊन ती डोळे मिटायची, रिकामाच ट्रिगर हळूहळू दाबायची, दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशी. आणि तिचं झालं की ते माझ्या हातात देताना सांगायची, "आज डावीकडे जातंय गं, सांभाळ." मीही तिला सांगायचे. आमची मैत्री अशीच झाली — पिस्तूल हातात देताना त्याची खोड सांगत.

पुढे दोघींनी स्वतःची पिस्तुलं घेतली, एकाच बनावटीची. तिचा ट्रिगर कारखान्यातून आला तसाच होता: आधी थोडा सैल, मग बोटाला एक अडथळा लागतो, तिथे थांबायचं, श्वास स्थिर करायचा, मग दाबायचं. माझं मात्र त्या अडथळ्यापाशी बोट अडकायचं. म्हणून मी तो काढून टाकला होता. माझा ट्रिगर आता सलग सरकायचा, आणि कधी सुटला ते सुटल्यावरच कळायचं. मला ते आवडायचं. झोप लागण्यासारखं होतं ते.

हा बदल मी तिला सांगितला नव्हता. तोवर त्यात काही वाईट नव्हतं. राहून गेलं होतं, एवढंच.

मग संघाची निवड आली, क्लबाबाहेर, एका पत्र्याच्या छपराच्या हॉलमध्ये. मी सकाळच्या तुकडीत खेळले. फलकावर माझं नाव निवडल्या जाणाऱ्यांत सगळ्यात शेवटचं होतं. नंतरच्या तुकडीतलं कुणी एक पुढे गेलं की मी बाहेर. त्या तुकडीत प्रज्ञा होती. ती माझ्यापेक्षा चांगली आहे हे मला ठाऊक होतं — आपली उंची आपल्याला ठाऊक असते तसं.

सरावाचा वेळ सुरू झाला आणि तिचं पिस्तूल हवा धरेना. आतलं काहीतरी फाटलं होतं. सर इकडे तिकडे बघू लागले. मी आपणहून उठले आणि माझं पिस्तूल तिच्यापुढे धरलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. की होतं? मला अजून कळलेलं नाही.

सरावाचा वेळ जवळजवळ संपत आला होता, रिकामा ट्रिगर दाबून बघायलाही सवड नव्हती. तिने मूठ हातात बसवली आणि माझ्याकडे न बघताच, सवयीने विचारलं, "काही सांगण्यासारखं?"

विसरले असते तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते. बोटाच्या पेरापर्यंत मला आठवत होतं सगळं. छपराच्या पत्र्यातून ऊन खाली येत होतं, धुळीचे कण त्यात अगदी सावकाश फिरत होते, आणि माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू आला —

"नाही गं. तुझ्यासारखंच आहे."

तिचं बोट अडथळा शोधत राहिलं. तो नव्हताच. पहिला छर्रा नेम लागायच्या आधीच सुटला. दुसराही. मागे खुर्चीत बसून मी तिची पाठ बघत होते. अर्ध्या स्पर्धेनंतर ती सावरली, पण तोवर गेलं होतं. माझं नाव फलकावर राहिलं.

पिस्तूल परत देताना तिने मूठ ओढणीने पुसली. "तुझं पिस्तूल छान आहे. माझंच बोट ऐकेना. आधीच दाबलं जातंय." तिला वाटलं, दोष तिच्या हाताचा आहे. का वाटणार नाही? मी तिला सांगितलं होतं ना, सारखंच आहे म्हणून. तेव्हाही बोलता आलं असतं. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी."

त्यानंतर ती स्वतःच्या बोटाला भिऊ लागली. स्वतःचं दुरुस्त झालेलं पिस्तूल हातात असूनही. नेम धरायची, थांबायची, न मारताच हात खाली घ्यायची. पुन्हा धरायची. सरांनी सगळं करून पाहिलं. मी शेजारच्याच लेनमध्ये असायचे. हळूहळू तिचं येणं कमी झालं, मग थांबलं. मी संघातून जाऊन आले, कुठेतरी मधल्या क्रमांकावर. कुणाच्या लक्षात नाही.

परवा तिच्या नव्या घरी गेले होते. तिने माझी ओळख सासूबाईंशी करून दिली. "आई, ही ती. ऐन स्पर्धेत स्वतःचं पिस्तूल दिलं होतं हिने मला. मी पुढे गेले असते तर हिचंच नाव जाणार होतं. तरी दिलं."

सासूबाई माझ्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी बेसनाचा आणखी एक लाडू आणून माझ्या बशीत ठेवला.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले.

आणि लाडू खाल्ला. छान झाला होता.