एका सकाळी भरलेला बंधारा

शिरपूरजवळ सातपुड्यातून उतरणाऱ्या एका नाल्यावर मी संशोधन करत होते. पावसाबरोबर वर्षाला किती माती वाहून येते, याचा संगणकावर अंदाज बांधायचा, हे माझं काम. नाल्यावर एक छोटा बंधारा होता. खालच्या वावरातल्या आबांनी मागच्या उन्हाळ्यात विचारलं होतं, "ताई, हाऊ बंधारा किती वरीस टिकी?"

"वीस वर्षं तरी गाळानं भरणार नाही," मी खात्रीनं सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी केळी लावली. बंधाऱ्यात पाणी असलं की त्यांच्या विहिरीला पाझर असे.

श्रावणात एका पहाटे डोंगरात धो धो पाऊस झाला. दुपारी मी धुळ्याहून पोहोचले. आबा काठावर उभे होते. मी ओल्या वाळूवरून चालत त्यांच्याजवळ गेले.

"आबा, बंधारा कुठंय?"

"तुम्ही बंधारामाच उभ्या शेतस."

मी खाली पाहिलं. पाणी मोजायला रोवलेली माणसाएवढी पट्टी दिसेना. हातानं उकरलं, तर वीतभर खाली तिचं टोक लागलं. वीस वर्षांची माती एका सकाळी आली होती.

आम्ही नाल्यानं वर गेलो. दोन वळणांपुढे उंच काठ कापल्यासारखा कोसळला होता, त्यावरच्या कपाशीसकट. मी हिशेबात माती धरली होती ती फक्त शेतांतून धुपून येणारी. काठ असा अख्खा ढासळेल, हे माझ्या गणितात कुठंच नव्हतं.

तिथूनच मार्गदर्शक सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अपवाद आहे. एवढी नोंद वगळ, बाकीचं छान जुळतंय."

आबा समोर होते.

"सर, मी ती वगळणार नाही," एवढंच म्हणाले.

प्रबंध वर्षभर लांबला. काठांची मोजमापं नव्यानं घेतली. टेपचं दुसरं टोक बहुतेकदा आबांच्या हातात असे. त्या उन्हाळ्यात पाझर आटला, अर्धी केळी वाळली. मी माफी मागायला गेले, तर ते ट्रॅक्टर लावून बंधाऱ्यातला गाळ वावरात टाकत होते.

"आते सांगा," ट्रॉलीवरूनच त्यांनी विचारलं, "किती वरीस?"

"माहीत नाही, आबा."

त्यांनी मान हलवली आणि मला दुसरं फावडं दाखवलं.