भागीचं आडनाव

प्रस्तावना आली तेव्हा बाकीचं पुस्तक छापून झालं होतं. राहिला होता फक्त पहिला फर्मा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं; घड्या घालून कापली की पुस्तकाचा एक तुकडा होतो. पहिला फर्मा नेहमी सगळ्यात शेवटी छापतात. कारण त्यात प्रस्तावना असते, आणि मोठी माणसं प्रस्तावना वेळेवर देत नाहीत. दिली तर ती मोठी कसली!

मी तेव्हा इतवारीच्या बाजारपेठेत एका प्रकाशकाकडे संपादक होतो. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. पुस्तक होतं अमेरिकेतल्या एका गुलामाचं आत्मचरित्र. पळून सुटल्यावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, शंभरावर वर्षांपूर्वीचं. मराठी केलं होतं कौसल्या रामटेके यांनी. बाई शहरातल्याच इंदोरा वस्तीत राहायच्या, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायच्या. घर छप्पन साली बौद्ध झालेलं. शाळा आणि स्वयंपाक उरकून कित्येक वर्षं त्या या कामाला चिकटून होत्या.

गुलामगिरीविरुद्ध बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण ते 'अन्याय', 'क्रौर्य' असे भारदस्त शब्द फेकायचे आणि मालक मंडळी हसून म्हणायची, असं कुठे असतं का? हा गडी वेगळा. विशेषणं नाहीत, रडारड नाही. मालकाचं नाव, मुकादमाचं नाव, ओढ्याचं नाव, मालकाच्या कुत्र्यांचीसुद्धा नावं. मालकीणबाई रविवारी चर्चमधून आल्या की सगळ्यांना गोड पाव वाटायच्या. तो पाव हातात असतानाच याची बहीण विकली गेली. घेणाऱ्याचं नाव हे, गाव हे, खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. असा त्याचा युक्तिवाद होता. भारदस्त शब्दांना उत्तर देता येतं, नावागावाला देता येत नाही.

तरीही त्या काळी अशा पुस्तकाच्या पुढे एखाद्या गोऱ्या सद्गृहस्थाचं प्रशस्तिपत्र लागायचंच. 'मी या माणसाला ओळखतो, हा खरं बोलतो.' फटके खाल्ले एकाने, आणि त्याला जामीन राहणार असा माणूस, ज्याने जन्मात चापट खाल्ली नाही. हे ऐकून आमचे प्रकाशक नानासाहेब फार हळहळले. मग पान लावून म्हणाले, "चौधरी, बाईच्या पुस्तकाले वजनदार माणसाची प्रस्तावना पाहिजे. नुसतं रामटेके म्हटलं तं कोण घेते गा?"

"नानासाहेब, आत्ता तुम्ही कशावर हळहळलात?"

"ते अमेरिकेचं होतं ना!"

वजनदार माणूस म्हणून एक निवृत्त प्राचार्य ठरले. घराणं खाप्याकडचं, मालगुजारांचं. म्हणजे एके काळी गावाचा सारा गोळा करणारं आणि गावावर राज्य करणारं. प्रस्तावना बारा पानांची निघाली. पहिली चार पानं प्राचार्यांनी स्वतःवरच खर्च केली होती. पुढे लिहिलं होतं की गुलामगिरी वाईटच, पण लेखक भावनेच्या भरात अतिशयोक्ती करतो. आपल्याकडे मात्र असं काही नव्हतं. 'आमच्याकडे भागी होती. तिने जन्मभर आमचं अंगण झाडलं. ती आमच्या घरचीच होती.'

बाईंनी आमच्या ऑफिसात बसून बाराही पानं वाचली. एरवी शाळेतली शुद्ध भाषा बोलायच्या. चिडल्या की घरची यायची.

"हे माह्या पुस्तकात जात नाही, नानासाहेब."

"मंग पुस्तक बायंडिंगले जात नाही."

"त्या गड्यानं जिवावर उदार होऊन जे लिहिलं, ते हे बारा पानात पुसून राहिले! भागी म्हणते. नुसती भागी! आमची माय अशीच नुसती राधी होती, पाटलाच्या घरची."

"अवं बाई, पाठ्यपुस्तकाच्या कमिटीवर आहे तो माणूस. त्याले नाही कसं म्हणू?"

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. खाली हातगाडीवाल्यांची भांडणं चालली होती. बाईंचे डोळे भरले होते, आणि मला नानासाहेबांचा आणि त्यांच्या वजनदार माणसाचा मनापासून संताप आला.

मी म्हटलं, "नाही म्हणू नका. मी फक्त क्वेरी काढतो."

क्वेरी म्हणजे शंका. मजकुरात काही अर्धवट वाटलं तर संपादक प्रुफाच्या समासात प्रश्न लिहितो आणि लेखकाने उत्तर द्यायचं असतं. बाईंना मी अशा क्वेऱ्या काढून छळलं होतं आणि प्रत्येकीचं उत्तर मूळ पुस्तकात सापडलं होतं. मग प्रस्तावनेलाच सवलत का? भागीच्या नावापुढे मी लिहिलं: 'पूर्ण नाव? आडनाव? जेवायला कुठे बसत? पाणी कोणत्या भांड्यातून पीत? मूळ लेखकाने सर्वांची अशी माहिती दिली आहे, म्हणून एकसारखेपणासाठी विचारले.'

प्राचार्य स्वतः आले. रिक्षा गर्दीत अडकल्यामुळे आधीच तापले होते.

"चौधरी, हा काय आगाऊपणा?"

"सर, क्वेरी सगळ्यांनाच काढतो."

"भागीचं आडनाव? अहो, किती वर्षं झाली! मला कसं आठवणार?"

"घरचीच होती म्हणून विचारलं."

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. अगदी अदबीने म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे घोडा होता का हो?"

"होता तर!" प्राचार्यांचा चेहरा उजळला. "मोती. काठेवाडी. आमच्या आजोबांनी खास माणूस पाठवून आणला होता. उजव्या पायावर पांढरा पट्टा. काय चाल होती त्याची!"

नानासाहेबांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग प्राचार्यांना आपण काय बोललो ते उमगलं. पण चूक कबूल करायची सवय नसलेली माणसं अशा वेळी अपमान झाला म्हणतात. "अशा ठिकाणी मी माझं नाव देणार नाही," असं बजावून प्रस्तावना बगलेत मारून ते गेले.

नानासाहेब दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण नकार वजनदार माणसाकडूनच आला होता आणि छापलेले फर्मे गोदाम अडवून बसले होते. प्रस्तावनेच्या जागी बाईंनी एकच पान दिलं, अर्पणपत्रिकेचं. त्यात आईचं नाव होतं, राधाबाई, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. मग गाव. मग कोणत्या पाटलाचं अंगण झाडलं, त्या पाटलाचं पूर्ण नाव. शेवटी, जेवण गोठ्यामागे, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीत, जी त्या घरात आणखी कोणी वापरत नसे.

"पाटलाचं नाव काढा, बाई. कोर्टात जाईन तो," नानासाहेब म्हणाले.

"जाऊ द्या. तिथं विचारतीन तं तिथंही सांगीन."

पान तसंच छापलं. पुस्तक निघालं, हळूहळू खपलं. पाटलाच्या घरून कोणी आलं नाही. खोटं असतं तर दुसऱ्याच दिवशी आले असते.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. कोणाच्याही प्रुफात मोलकरणीबद्दल, गड्याबद्दल 'घरच्यासारखी', 'घरचाच' असं दिसलं की समासात एकच शब्द लिहायचो: आडनाव? बहुतेक लेखक ते वाक्यच काढून टाकत.