आचाऱ्याच्या तोंडाचा वास

परवा महाडात एका लग्नाला गेले होते. हॉलमध्ये टोप्या घातलेली केटररची पोरं चिमट्यानं जिलेबी वाढत होती. जिलेबी बरी होती, पण तिला लाकडाच्या धुराचा वास नव्हता. मला माझ्या दादाची इतकी आठवण आली, की मी अर्धी पानातच ठेवून उठले.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, कापडे गावचा आचारी. पोलादपूरपासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत कुठंही मांडव पडला की त्याला बोलावणं यायचं. अंगणाच्या कडेला चर खणून चुलवण करायचं, त्यावर हे भले मोठे टोप चढवायचे आणि दादा बनियनवर उभा. बुंदीचा पाक तो कधी चाखायचा नाही, दोन बोटांत धरून तार बघायचा. त्यामुळे त्याला डायबेटिस निघाला तेव्हा त्याचं खापर बुंदीवर फोडायची सोय नव्हती.

खरी पंचाईत बाटलीची होती. आमच्याकडे चुलवण पेटवताना चुलीला नारळ द्यायचा आणि आचाऱ्याला बाटली. ती दिली नाही तर यजमानालाच कमीपणा वाटायचा. लग्नसराईत दादा रोज मानाची घ्यायचा, आणि पुढं पुढं पावसाळ्यात एकही लग्न नसताना बिनमानाचीही घ्यायला लागला. पोलादपूरच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं तेव्हा स्पष्ट सांगितलं, की हे आणि बाटली एका अंगात फार दिवस नांदणार नाहीत.

वहिनीनं आदळआपट केली नाही. ती वाटणाला बाई म्हणून त्याच्यासोबत लग्नांना जायला लागली. मी महाडला दिलेली, पण सवड मिळाली की मीही जायचे. यजमानानं बाटली पुढं केली की वहिनी पदर खोचून मध्ये यायची, "माझ्याकडं द्या, मी ठेवते." आणि दादा एकटा कुठून घरी आला, की ती दारातच त्याच्या तोंडाशी नाक न्यायची. तो तोंड फिरवायचा. मग पुढं काही विचारायची गरजच उरायची नाही.

एका वैशाखात घाटाखालच्या वाडीत लग्न होतं. शिमग्यापासून थेंब घेतला नाही असं दादा सांगत होता आणि ऐकणारे हसत होते. सकाळी इन्सुलिन टोचून तो चुलवणाशी उभा राहिला. आचारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो, हा त्याचा बाणा. वहिनीनं भाकरी बांधून आणली होती, ती "खातो गो, खातो" म्हणता म्हणता फडक्यातच राहिली. आम्ही दोघी मागच्या पडवीत वाटणात अडकलो होतो.

दुपारी बुंदी पाडताना त्याच्या हातातून झारा पडला. आवाज ऐकून आम्ही बाहेर आलो, तर दादा डुलत होता. काहीतरी बरळत तो तिथंच खाली बसला. मांडवात हशा पिकला. नवऱ्यामुलाचा चुलता म्हणाला, "आचारी फुल्ल झालाय रे! डोक्याला लिंबू चोळा नि पडू दे कोपऱ्यात." माझ्याही तोंडात दादासाठी शिवी आली होती, ती मी गिळली.

वहिनीनं सवयीनं त्याच्या तोंडाशी नाक नेलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या वासाला ती इतकी वर्षं भ्यायली, तो त्या दिवशी आला असता तर बरं झालं असतं. वास नव्हता. अंग मात्र घामानं निथळत होतं आणि गार पडलं होतं.

"वन्सं, साखर!" ती ओरडली.

चुलवणाशेजारी साखरेची अख्खी गोणी उघडी होती. मी मूठ भरली तर चुलत्यानं माझं मनगट धरलं. "अगो बाय, त्याला शुगर हाय ना? मारतेस काय त्याला?"

मला जन्मात कुणाचा इतका राग आला नसेल. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिला की अंगातली साखर एकदम उतरते; घाम फुटला, बरळायला लागला आणि गिळता येत असलं, तर आधी साखर द्या, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. मी हात हिसकला आणि तांब्यातल्या पाण्यात साखर कालवली. वहिनीनं दादाला छातीशी टेकवून घोट घोट पाजलं. तेवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींकडं बघायलाही भीत होतो.

हळूहळू त्याची नजर ठिकाणावर आली. भोवती जमलेली तोंडं त्याला दिसली आणि लोकांना काय वाटलंय ते त्याच्या ध्यानात आलं.

"वास आला काय गो?" त्यानं वहिनीला विचारलं.

"नाय आला."

"मोठ्यानं बोल."

चारचौघांत कधी आवाज न चढवलेली माझी वहिनी उभी राहिली. "ह्यांनी आज घेतलेली नाय! ज्याला पटत नसंल त्यानं यावं नि वास घ्यावा!"

कुणी पुढं आलं नाही. चुलता चुलवणातली लाकडं सारखी करायला लागला. दादा मात्र लहान पोरासारखा रडला, आणि जीपमधून डॉक्टरांकडं नेताना बुंदी अर्धी राहिली म्हणून सारखा कुरकुरत होता.

त्यानंतर त्यानं कधीच घेतली नाही असं लिहिलं, तर तो वरून हसेल. तो घसरला, सावरला, पुन्हा घसरला. पण त्या दिवसापासून त्यानं तोंड फिरवणं सोडलं. दिवेलागणीला घरी आला की उंबऱ्याबाहेर थांबून आपणच तोंड पुढं करायचा, "घे वास." आला तर वहिनी गप्प राहून पान वाढायची. नसला, की शेजारच्या तीन घरांत ऐकू जाईल असं ओरडायची, "नाय आला!" दादा मग ऐटीत आत यायचा.

लग्नाहून परत आले आणि दुसऱ्या दिवशी कापड्याला गेले. दिवेलागणीला वहिनी उंबऱ्याशी उभी होती.

"आत चल ना, जेवून घेऊ," मी म्हटलं.

"तुम्ही वाढून घ्या, वन्सं," ती म्हणाली. "माझी हितं उभं राहायची वेळ हाय."