खरंच दुखतं

काल बारशाला मोठ्या जाऊबाईंनी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला. त्यांचे सांधे सुजले होते, बोटं वळत नव्हती. मला बघताक्षणी कळलं. आमवाताचं निदान झालं तेव्हा मीही कप असाच धरायचे. सकाळी गरम पाण्यात हात बुडवल्याशिवाय पोळी लाटता येत नसे. तेव्हा याच बाई साऱ्या घराला ऐकवायच्या, "दुखणं कसलं, कामाचा कंटाळा!" औषधाने सूज ओसरते, पण असलं बोलणं हाडांत मुरून बसतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण आतून गोड वाटलं.

त्या हळूच जवळ सरकल्या. "तुझ्या डॉक्टरांचं नाव सांग ना गं."

"सांगते की. आधी काय होतंय ते जरा मोठ्याने सांगा."

बायका वळून बघू लागल्या. जाऊबाईंचा चेहरा उतरला. "सकाळी मूठ मिटत नाही. फार दुखतं."

"खरंच?"

"खरंच गं."

मग मी नाव सांगितलं, उशीर करू नका हेही सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मी मात्र माझा चहा निवांत संपवला.