कोंडाण्याच्या लेण्यात आक्काला लागलेली झोप

मंडळी, आत्ताच घरी पोचलोय. पाय भरून आलेत, तरी लिहितो.

सत्तर-एकाहत्तर साली, मी चौथीत असताना, आबांनी मला कोंडाण्याची बौद्ध लेणी दाखवली. चौदा वर्षांच्या आक्कालाही यायचं होतं, पण आई अंथरुणाला खिळलेली. "तुला पुढच्या वर्षी नेतो गं," आबा म्हणाले. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

आज मी तिला घेऊन गेलो. चढताना ती चार वेळा बसली. चैत्यगृहासमोर मान वर करून म्हणाली, "लय मोठं हाय रं." मग शेजारच्या विहारात शिरली आणि भिक्षूंच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर आडवी झाली.

"बरं वाटत नाय का गं?" मी घाबरलो.

"तसं नाय. इथं मला कोण हाक मारणार नाय," ती म्हणाली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली.

मी दाराशी बसून राहिलो. आलेल्या पोरांना हळू बोलायला सांगत होतो. चांगला दीड तास गेला.

उठल्यावर तिने दचकून विचारलं, "किती वेळ झोपले रं?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत 'दमलीस का' असं मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारता का घरात कुणाला?